सतरा नंबरच्या नकाशातलं गटार

ऑफिसात त्यांना सगळे रेघोबा म्हणत, अगदी तोंडावर, आणि तेही ओ देत. नावात चेष्टा होती, पण चेष्टेपेक्षा कौतुक जास्त होतं. नगररचना विभागात ते आरेखक म्हणून लागले तेव्हा शहराचे नकाशे हाताने काढायचे दिवस होते. टेबलावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि शाईच्या पेनाने रेघ ओढायची. बाकीच्यांची रेघ मध्येच कुठेतरी जाड व्हायची, थरथरायची. रेघोबांची रेघ या टोकाला जशी सुरू होई तशीच त्या टोकाला संपे. मध्ये शिंक आली तर शिंक थांबायची, रेघ नाही. पुढे कॉम्प्युटर आले, मोठाली टेबलं भंगारात गेली, बरोबरीची माणसं पांगली. रेघोबांना मात्र कोणी हलवलं नाही, कारण जुन्या भागाचे नकाशे अजून कापडावरच होते आणि ते वाचता येणारा माणूस विभागात तेवढा एकच उरला होता.

माणूस नाकासमोर चालणारा. उशिरा येणं नाही, लवकर जाणं नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न करायचं राहून गेलं असं ते सांगत, एखादं पत्र टाकायचं राहून जावं तशा सुरात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खिडकीपाशी एक खुर्ची, एवढा संसार. व्यसन एकच, बरोबर असण्याचं. आपण दिलेला नकाशाचा एकही उतारा चुकला म्हणून परत आला नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवत. ते दुसऱ्यांदा ऐकून झालं की नवा माणूस जुना झाला, असं ऑफिसात समजत.

सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण. आई गेली तेव्हा रेघोबा सहा वर्षांचे होते आणि ताई तेरा वर्षांची. लोकांच्या गाद्या-उशांच्या खोळी शिवून तिने धाकट्याला वाढवलं, ड्रॉइंगच्या वर्गाला घातलं, त्याची पहिली कंपासपेटी आणली. तिचा नवरा लवकर गेला. जाताना तो खालच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर मागे ठेवून गेला, दगडमातीच्या भिंतींचं, पुढे ओटा असलेलं. त्या ओट्यावर बसून ताई खोळी शिवायची आणि शिवता शिवता गल्लीचे तंटे मिटवायची. खोटं बोलणं तिला जमतच नसे. पाहुण्यालासुद्धा "बसा हो अजून" असं ती मनात असेल तरच म्हणायची. त्यामुळे "ताई म्हणाली ना, मग झालं," हे गल्लीचं शेवटचं कोर्ट. रेघोबा दर रविवारी तिच्याकडे जेवायला जात. चाळीस वर्षांत एखाददुसराच रविवार चुकला असेल.

आता नकाशाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. त्यांच्या कामात एक साधा नियम असतो. जे जागेवर आहे त्याची रेघ सलग काढायची. जे अजून बांधायचं आहे, किंवा होतं पण पाडलं गेलं, त्याची रेघ तुटक काढायची. तुटक रेघेला दर तुकड्यागणिक हात उचलावा लागतो, आणि रेघोबांच्या हाताला तेवढंच जिवावर येई.

चौदा वर्षांपूर्वी कपाटाला ओल आली आणि सतरा नंबरचा नकाशा खराब झाला. वरचा रस्ता, खालची गल्ली आणि पलीकडचा ओढा, एवढा भाग त्यात होता. साहेबांनी तो नव्याने काढायला सांगितला. रेघोबांनी जुना नकाशा खाली ठेवला, वर नवं कापड ताणलं. रस्त्याच्या कडेला लाकडाची वखार होती, तिच्या कोपऱ्यापासून निघून गल्लीतून ओढ्यापर्यंत गेलेली एक गटाराची रेघ होती. मुळात ती तुटक. गटार बांधायचा विचार कधीकाळी झाला होता आणि विचारावरच थांबला होता. पण ओलीने शाई पसरली होती, तुकड्यांमधल्या फटी भरून गेल्या होत्या. शंका आली तर जागेवर जाऊन बघावं, असंही नियमात आहे. रेघोबांना शंकाच आली नाही. त्यांनी पेन टेकवलं आणि ओढ्यापर्यंत एक सलग रेघ ओढली, इतकी सुरेख की साहेबांनी मान डोलावली.

ज्या गल्लीत त्यांनी हे गटार काढलं, त्याच गल्लीत ते दर रविवारी जेवायला जात होते. कागदावरची खालची गल्ली आणि ताईची गल्ली एकच, हे त्यांच्या डोक्यात तेव्हा जुळलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सतरा नंबरचा नकाशा त्यांच्या हातचा सगळ्यात देखणा ठरला. त्याची एक प्रत काचेच्या चौकटीत घालून विभागाच्या दारात टांगली गेली.

मग ती वखार बंद पडली आणि जागा एका माणसाने घेतली. त्याने तिथे गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर काढायचा प्रस्ताव दिला. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या, रोज सकाळी पुसल्या होत्या. आता आपलं स्वतःचं काहीतरी असावं एवढीच त्याची इच्छा. माणूस सरळ होता हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण अशा हकिकतीत दुष्ट माणूस शोधायची आपल्याला फार घाई असते.

प्रस्तावाची छाननी सुरू झाली. रस्ता पुरेसा रुंद आहे का, गाड्या आत कुठून येणार, बाहेर कुठून जाणार, आवाज किती होणार. शेवटचा रकाना पाण्याचा. दिवसाला चाळीस गाड्या, म्हणजे साबण, तेल आणि चिखल मिळून पाणी थोडंथोडकं नव्हे. ते जाणार कुठे? पाहणीच्या इंजिनिअरने त्या रकान्यात लिहिलं, 'लगत गटार उपलब्ध'. तो जागेवर गेला नव्हता असं नाही. त्याने रस्ता मोजला, वखार पाहिली. गटार नकाशात होतंच, मग ते बघायला गल्लीत कशाला उतरायचं? फाईलला जोडायचा नकाशाचा उतारा रेघोबांनी काढून दिला आणि खाली 'नक्कल बरोबर' लिहून सही केली. वखारीच्या फाटकावर नोटीस लागली. कोणाची हरकत असेल तर तीन आठवड्यांत लेखी द्यावी, मग सुनावणी होईल.

त्या रविवारी जेवताना ताईने विषय काढला. वखारीत गाड्या धुणार म्हणे, मग ते सगळं पाणी कुठे जाणार, असं तिने विचारलं.

"गटारात," रेघोबा म्हणाले.

"कुठल्या?"

"तुमच्या गल्लीतल्या."

ताईचा घास हातातच राहिला. "आमच्या गल्लीत गटार असतं, तर इतकी वर्षं सांडपाण्याच्या बादल्या ओढ्यापर्यंत कशाला वाहिल्या असत्या रे मी? तुझ्यासमोर तर वाहते."

ते खरं होतं. दर रविवारी त्यांच्याच उष्ट्या भांड्यांचं पाणी बादलीत भरून ती ओढ्यावर टाकून यायची. तरी रेघोबा म्हणाले की आहे, सलग आहे, वखारीच्या कोपऱ्यापासून आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, चल दाखव, म्हणून ताईने त्यांना उठवलं. दोघं गल्लीभर फिरून आले, वरच्या कोपऱ्यापासून ओढ्यापर्यंत, सात घरं ओलांडून. कडेला गवत होतं, कोणी टाकलेली राख होती, दगड होते. गटार नव्हतं. रेघोबांनी एकदोन ठिकाणी पायाने जमीन ठोकून पाहिली.

"जमिनीखाली असेल," ते म्हणाले.

"जमिनीखाली पाताळही आहे म्हणतात," ताई म्हणाली, "तिकडेच सोडा मग पाणी." आणि ती हसत हसत हात धुवायला गेली.

सोमवारी ऑफिस उघडताच रेघोबा रेकॉर्डच्या खोलीत शिरले. जुना, ओल आलेला सतरा नंबर त्यांनी गठ्ठ्यातून ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात उलटा धरला. मागच्या बाजूने सगळं स्वच्छ दिसत होतं. काळेभोर तुकडे, आणि त्यांच्यामध्ये पसरलेल्या शाईचं नुसतं धुकं. तेवीस तुकडे होते. त्यांनी दोनदा मोजले. मग नकाशा जसा होता तसा गठ्ठ्यात ठेवला आणि तिथल्याच स्टुलावर बसून राहिले.

साहेबांना सांगायला दोन मिनिटं लागली असती. साहेब, माझी चूक झाली, ती रेघ तुटक आहे. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि त्या नकाशावरून चौदा वर्षांत आणखी अकरा परवानग्या दिल्या गेल्या होत्या. एक रेघ खोटी निघाली की लोक विचारणार, बाकीच्या कशावरून खऱ्या? अशी कारणं रेघोबांनी स्वतःला पुष्कळ सांगितली. खरं कारण एकच होतं, ते घाबरले. ज्या माणसाकडे बरोबर असण्यावाचून दुसरी काहीच इस्टेट नाही, त्याला चूक कबूल करणं म्हणजे घरातून बाहेर पडण्यासारखं असतं. तीन वेळा ते साहेबांच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्या वेळी साहेबांसमोर बाहेरचे पाहुणे बसले होते. "हेच आमचे रेघोबा," म्हणून साहेबांनी ओळख करून दिली, आणि पाहुण्यांना दारातली चौकट दाखवायला सांगितलं. रेघोबांनी ती दाखवली आणि जागेवर येऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

ताईला मात्र ते म्हणाले की तू हरकतीच्या भानगडीत पडू नकोस, मी बघतो काय ते.

"तू बघशील ते बघ," ताई म्हणाली. "पण बोलायला मी येणार. तू तिथे असशील ना, मग मला कसली भीती?"

सुनावणी विभागाच्याच लांब खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि पाहणीचा इंजिनिअर, समोर अर्जदार, आणि भिंतीशी सतरा नंबर हातात धरून उभे रेघोबा. हरकतीवर गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या होत्या, पण आले होते दहाबाराजण, ताईच्या भरवशावर. पुढच्या खुर्चीत ताई, तिच्या शेजारी गल्लीतला शिंपी. ताई ठेवणीतले कपडे घालून आली होती. वळण न घेता बोलली. गाड्या धुवायला आमची ना नाही, ज्याला त्याला पोट आहे, पण गल्लीत गटार नाही, आणि माझं घर सगळ्यात खोलगट जागी आहे, पाणी येऊन माझ्याच भिंतीत मुरणार.

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरने नकाशावर बोट ठेवलं. हे काय, सलग रेघ आहे.

"नकाशातलं मला कळत नाही," ताई म्हणाली. "पण माझा भाऊ तुमच्याकडेच आहे. माझ्याबरोबर येऊन त्याने गल्ली डोळ्यांनी पाहिली आहे. त्यालाच विचारा. तो खोटं बोलायचा नाही."

साहेबांना हे नातं नवीनच होतं. त्यांनी मान वळवली. "काय रेघोबा? गटार आहे की नाही?"

रेघोबांनी ताईकडे बघितलं नाही. त्यांनी नकाशाकडे बघितलं.

"नकाशात आहे, साहेब."

वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यात चूक काढून दाखवा म्हटलं तर कोणाला काढता आली नसती. आणि इतकं खोटं ते उभ्या जन्मात बोलले नव्हते.

 ताई खुर्चीच्या हाताला धरून उठली. "मग असेल," ती साहेबांना म्हणाली. "माझ्या भावाने काढलंय म्हणजे असेल. मला म्हातारीला दिसलं नसेल." टेबलाच्या पलीकडे कोणीतरी हसलं. जिन्यात शिंप्याने तिला गाठलं आणि विचारलं की ताई, हेच म्हणायचं होतं तर आमचा अर्धा दिवस कशाला मोडलात.  त्यानंतर तिच्या ओट्यावर तंटा घेऊन कोणी आलं नाही.

तीन अटींवर परवानगी मिळाली. तिसरी अट अशी की सांडपाणी लगतच्या गटारातच सोडावं. ती पाळायला वॉशिंगवाल्याने माणसं लावली. त्यांनी तीन ठिकाणी खणलं, गटार सापडेना. त्याने विभागात येऊन विचारलं, तर त्याला उतारा दाखवण्यात आला. इथेच आहे, गाळाने बुजलं असेल. बिचाऱ्याने नकाशात जिथे गटार सुरू होतं तिथे मोजून पाइपाचं तोंड आणून सोडलं. नियमाप्रमाणे जे करता येण्यासारखं होतं ते त्याने सगळं केलं. पाण्याने मग आपल्या नियमाप्रमाणे केलं, आणि ते उताराला लागलं.

पहिल्याच आठवड्यात गल्लीत साबणाचा फेस आला. पोरं त्यात हुंदडली. मग त्याच्याखालचं काळं, तेलकट पाणी राहिलं, ते वाळेचना. गल्लीने तक्रार केली. उत्तर आलं की गटार अस्तित्वात असल्याने तक्रारीत तथ्य नाही, तथापि गटाराची सफाई करण्यात येईल. खरंच सफाईवाले आले. त्यांनी गटार शोधलं, ते मिळालं नाही, मग शिंप्याच्या दुकानात पाणी पिऊन ते परत गेले. वहीत नोंद झाली, 'गटार साफ केले'. त्यानंतरच्या तक्रारींना ही नोंद जोडून उत्तरं जात राहिली. गल्लीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

रेघोबांचे रविवार चालूच होते. ताई वाढायची, पूर्वीसारखंच आग्रह करून वाढायची, आणि गटाराचा ग सुद्धा काढत नव्हती. तिने एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून रेघोबा वाट बघत बसत. पण ती भाजीत मीठ बरोबर पडलंय का तेवढंच विचारायची. फक्त खाटेच्या पायांखाली विटा आल्या होत्या. धान्याचे डबे वरच्या फळीवर गेले होते. मागच्या भिंतीची ओल आधी गुडघ्याएवढी होती, मग कमरेएवढी झाली, मग भिंतीला पोट सुटलं. घासाघासाला साबणाचा वास यायचा. रेघोबा खाली मान घालून जेवत. एकदा त्यांनी सिमेंट आणून स्वतःच्या हाताने भिंतीला लिंपण केलं. आयुष्यभर कागदावर भिंती काढलेल्या माणसाचं ते लिंपण, महिन्याभरात पोपडे धरून खाली आलं. "तू माझ्याकडे राहायला चल," असंही एकदा म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर चढून मी काय करू, माझे गुडघे बघ, असं ती म्हणाली.

सहाव्या महिन्यात, ऐन दुपारी, मागची भिंत बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसलीच, दमलेलं माणूस बसतं तशी. तिच्यामागून छपराचं लाकूड कलायला लागलं. ताई ओट्यावर शिवत होती म्हणून वाचली. पण आवाज झाल्यावर ती आतलं शिवणाचं कापड घ्यायला आत वळली, आणि लाकडाचं टोक तिच्या कमरेवर उतरलं. दवाखान्यात तिला दोन महिने ठेवलं. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. पडलेल्या घरात परत जायचा प्रश्नच नव्हता. चौघांनी तिला खुर्चीत बसवून रेघोबांच्या खोलीत वर नेलं. जिना चढताना तिने प्रत्येक मजला मोजला. आता आपण परत खाली जाणार ते खांद्यावरच, हे तिला न सांगता कळलं होतं.

तिकडे ऑफिसात कागद आपल्या गतीने चालत होते. घर पडल्याचा पंचनामा आला, आणि त्याच्यामागे रेघोबांच्या टेबलावर आदेश आला की सतरा नंबरच्या नकाशात सदर घर पाडलेलं दाखवावं. त्यांनी कापड ताणलं, कोपऱ्यांवर वजनं ठेवली. नखाएवढा चौकोन होता तो. त्यांनीच काढलेला, चारी कोपरे काटकोनात. ब्लेडने त्यांनी त्याच्या चारी बाजू हलक्या हाताने खरवडल्या आणि मग तुटक रेघ काढायला घेतली. एका बाजूला तीन तुकडे, चार बाजूंना बारा. बारा वेळा पेन टेकवलं, बारा वेळा उचललं. घराला लागूनच गटाराची रेघ जात होती. ब्लेड हातातच होतं. पण आदेश फक्त घराचा होता.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर सगळं लिहिलं. ओल आलेला नकाशा, पसरलेली शाई, तेवीस तुकडे, ताईबरोबर पाहिलेली गल्ली, सुनावणीतलं उत्तर. रेघ दुरुस्त करायची परवानगी मिळावी, अशी खाली विनंती. कबुली देतानासुद्धा त्यांनी रीतसर अर्जच केला. असा हा माणूस.

साहेबांनी कागद पूर्ण वाचला. वाईट वाटलं त्यांना, नाही असं नाही. "रेघोबा," ते हळू आवाजात म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला. आता ही रेघ खोटी म्हटली, तर तिच्यावर दिलेलं सगळं खोटं होतं. ते कोण निस्तरणार? तुमचे आठ दिवस राहिलेत. नीट घरी जा." त्यांनी कागदावर 'पाहिले' असा शेरा मारला, तो फाईलमध्ये घातला आणि फाईलची नाडी बांधली.

निरोपाचा समारंभ चांगला झाला. भाषणं झाली. साहेबांचं मन खरंच भरून आलं होतं. आणि भेट म्हणून काय द्यावं यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. दारातली ती काचेची चौकट उतरवून, त्यात सतरा नंबरची ताजी, दुरुस्त केलेली प्रत घालून, त्यांनी ती रेघोबांच्या हातात दिली. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

घरी आल्यावर रेघोबांनी कागदात गुंडाळलेली चौकट कपाटामागे सरकवली. ताई खिडकीपाशी खाटेवर होती. ती म्हणाली, काय दिलं ते दाखव तरी. त्यांनी टाळून पाहिलं, पण ताईला टाळता येत नसे. तिने चष्मा लावला, चौकट मांडीवर घेतली आणि विचारलं की यात आपलं घर कुठे आहे. रेघोबांनी बोट ठेवलं.

"हे असं तुटक तुटक का?"

"जे आता नाही, ते असं दाखवतात."

ताईचं बोट काचेवरून सरकलं. "आणि ही सरळ गेलेली?"

"गटार."

 "म्हणजे गटार आहे," ती म्हणाली, "आणि घर नाही."

तेव्हा रेघोबांनी तिला सगळं सांगितलं. दीड वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, सांगायला खरोखरच दोन मिनिटं लागली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ताई म्हणाली. "तू माझ्याकडे बघितलं नाहीस ना, तेव्हाच."

"मग तू गप्प का बसलीस?"

"तुझी नोकरी जाईल म्हणून." तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घराचं काही नाही रे, धाकट्या. मातीच्या भिंती कधीतरी पडतातच. आदल्या दिवशी घरी येऊन नुसतं सांगितलं असतंस, तर हरकतीचा कागद मी फाडून टाकला असता. घर ओवाळून टाकलं असतं तुझ्यावरून. पण तू मला चारचौघांत खोटी पाडलीस."

रेघोबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते उठले, पिशवीतून ब्लेड आणि शाईचं पेन काढलं आणि म्हणाले की मी आत्ता ती रेघ तोडतो. चौकट उघडायला ते मागचे खिळे नखांनी उपसू लागले.

"राहू दे," ताई म्हणाली. "ऑफिसातल्या नकाशात ती आहे तशीच राहणार. ही इथे तोडून कोणाला दाखवणार आहेस? समोरच्या भिंतीवर लाव, मला इथून दिसेल अशी. गल्लीतलं दुसरं काही आता मला दिसायचं नाही."

त्यांनी खिळा ठोकला आणि चौकट टांगली. एका बाजूला ती जरा कलली, ती ताईने सांगून सरळ करून घेतली. हल्ली रविवारी रेघोबाच स्वयंपाक करतात. ताई खाटेवर बसून जेवते, आणि रेघोबा तिच्यासमोर खाली बसतात, नकाशाकडे पाठ करून.